हाफला खेळणारी भाची

परवा आमच्या शेडवर यंदाचा पहिला माल आला. क्रेटमधली द्राक्षं डिपिंगच्या द्रावणात बुचकळायची, निथळू द्यायची आणि जाळीच्या रॅकवर पसरायची, की पंधराएक दिवसांत त्यांचा बेदाणा होतो. पलूसच्या आसपास फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत घराघरांत हाच उद्योग. त्या द्रावणाचा तेलकट, आंबूस वास साडीला लागतो, केसांना लागतो, चहातसुद्धा येतो. इतकी वर्षं मला हा हंगाम अजिबात आवडायचा नाही. मी शाळेत गणित शिकवते, आणि बेदाणा नेमका दहावीच्या परीक्षेवर येऊन पडतो. सकाळी वर्गात कॉप्या पकडायच्या आणि संध्याकाळी शेडवर बेदाण्यातल्या काड्या वेचायच्या, यात आनंद मानावा असं काय आहे? परवा मात्र तो वास आला आणि मी रॅकपाशी उगीचच उभी राहिले. आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, लांबून ओरडले, "काय हरवलं काय?" मी म्हटलं, "नाही, सापडलंय." त्यांना कळलं.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत लीना आमच्याकडे आली होती. लीना म्हणजे माझ्या नणंदेची, सुनंदाची मुलगी. सुनंदा मिरजेत नर्सिंग शिकली आणि आयर्लंडला नोकरीला गेली. तिथल्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये झुआंव नावाचा एक पोर्तुगीज आचारी होता. सुनंदाला तिथलं बेचव जेवण गिळवत नव्हतं, म्हणून तो तिच्यासाठी वेगळी, तिखट डाळ शिजवायला लागला. पुढचं सांगायला नको. लीना त्यांची एकुलती एक. जन्माने आयर्लंडची, बापाकडून पोर्तुगालची, आणि आजोळ आमचं.

कराडच्या स्टेशनात ती उतरली तेव्हा पाठीवर तिच्याएवढीच पिशवी आणि उजव्या गुडघ्याला काळा पट्टा. उंच, सावळी, पिंगट केसांची ही पोरगी माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मामी, लय दमलेय बगा. च्या हाय का कुठं?" मी गारच पडले. तिची आई तीस वर्षांपूर्वी रहिमतपुरातून जी बोली घेऊन गेली, तीच तिनं मुलीला दिली होती. मी शाळेत 'आहे म्हण, हाय म्हणू नको' असं पोरांना घसा फोडून सांगते, आणि ही परदेशी पोरगी माझ्या मेहनतीवर पाणी ओतत शेडभर 'न्हाई' आणि 'व्हय' करत हिंडत होती. शेडवरच्या बायकांना ती पहिल्याच दिवशी आवडली. मलाही आवडली, पण मी ते आठवडाभर दाखवलं नाही.

ती फुटबॉल खेळायची. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. नऊ वर्षांची असताना बापानं तिला पावसाळी मैदानात पहिल्यांदा उभं केलं. सतराव्या वर्षी आयर्लंडच्या लहान मुलींच्या संघातून खेळली. मग एका क्लबाचा करार, दुसऱ्या क्लबाचा करार, मधल्या सुट्ट्यांत दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी. बाप गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, आणि क्लबानं करार पुढं वाढवला नाही. हे सगळं तिनं मला एका बैठकीत सांगितलं नाही. काड्या वेचता वेचता थोडं थोडं सांगितलं. मध्येच हात थांबायचा, मग एखादा बेदाणा तोंडात जायचा. गुडघा बरा होईपर्यंत कुठं तरी ऊन हवं, जिथं 'परत कधी खेळणार' असं कुणी विचारणार नाही अशी जागा हवी, म्हणून ती आली होती. बिचारीला पलूस माहीत नव्हतं. इथं दिवसातून चाळीस वेळा विचारलं गेलं.

सुभेदारांना मात्र स्वर्ग हाताला लागला. पलटणीत असताना ते फुटबॉलच्या टीममध्ये होते, हे मला लग्नापासून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. 'हाफला खेळायचो' असं ते म्हणत. हाफ म्हणजे काय हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर ते सांगत बसले असते. लीना म्हणाली, "मामा, मी बी तितंच. मधी." झालं. त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी शेडमागच्या पाण्याच्या टाकीपाशी. ती भिंतीवर चेंडू मारायची, परत आलेला थांबवायची, पुन्हा मारायची. उजव्या पायानं पन्नास, डाव्यानं पन्नास. सुभेदार गळ्यात मफलर घालून बाजूला उभे, आणि त्यांचं हवालदारी मोजणं सुरू.

एकदा मी चहा घेऊन गेले तर लीना काही तरी विचित्रच करत होती. चेंडू पायाशी यायच्या आत मान वळवून मागं बघायची. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मी म्हटलं, मागं कोण आहे? ती म्हणाली, "कुनी न्हाई. पण मधी खेळणाऱ्याला दोनी बाजू ठाऊक पायजेत. चेंडू आल्यावर बगितलं तर उशीर हुतो." सुभेदारांनी मान डोलावली, जणू हे त्यांनीच शोधून काढलं होतं.

तिचे दोन पासपोर्ट हा शेडवर मोठा विषय झाला. म्हसवडकडून दर हंगामाला कामाला येणाऱ्या शेवंताबाईंनी ते दोन्ही पदरानं हात पुसून हातात घेतले, उलटेपालटे केले.

"दोन कशाला गं? येक हरपला तर असावा म्हून?"

"दोन देश हायती, मावशी."

"आनि आमचा?"

लीनानं त्यांना समजावून सांगितलं की आपल्या देशात दोन चालत नाहीत. भारताचा हवा असेल तर ते दोन्ही टाकून यावं लागेल. तिच्या आईलाही आयर्लंडचा घेताना भारताचा परत द्यावा लागला होता. शेवंताबाईंनी दोन्ही पासपोर्ट तिला परत दिले. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन अर्धं वर्ष परमुलखात काढलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमाला बरं हुतं, कुनी कागद इचारत न्हवतं."

मार्चच्या मध्याला एका दुपारी आभाळ भरून आलं. बेदाणा रॅकवर असताना अवकाळी पाऊस म्हणजे घात. माल काळा पडतो, चिकटतो, वर्षाची मेहनत मातीत. मी शाळेतून येऊन पाय धुते आहे तोवर वारा सुटला आणि शेडच्या एका अंगाचा ताडपत्रीचा पडदा सुटून फडफडायला लागला. कुणी ओरडायच्या आत लीना धावली. रॅकच्या दोन ओळींमधून सरळ, मग पायऱ्यांपाशी झटकन वळून, दोरी पकडून ती लोंबकळलीच. आम्ही सगळ्यांनी मिळून पडदे पाडले. पाऊस आला, पाच मिनिटं शेडवर ताशा वाजवून गेला. मग सुभेदार तिच्याकडे बघत म्हणाले, "पोरी, गुडघा?" तिनं खाली पाहिलं. पट्टा घरीच राहिला होता. डॉक्टरांनी अजून असं वळायला परवानगी दिली नव्हती. तिनं गुडघा दोनदा वाकवून बघितला आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून हसत सुटली, हसता हसता रडली. शेवंताबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या दिवशी मी सगळ्यांना भजी केली. तेलाचा हिशेब मनात आला नाही, हे माझ्यासारखीच्या बाबतीत नोंद करण्यासारखं आहे.

त्यानंतर चार दिवसांनी पोर्तुगालहून फोन आला. तिकडच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांनी दुखापतीआधी तिचा खेळ बघून ठेवला होता. एप्रिलअखेर सराव शिबिर होतं. येणार का, आठ दिवसांत कळव. तिच्या बापाचा देश तिला बोलावत होता. आयर्लंडच्या मोठ्या संघानं तिला कधी विचारलं नव्हतं, पण आशा होती. आणि एकदा का मोठ्या संघातून खरे सामने खेळली, की दुसऱ्या देशाचं दार जवळजवळ बंद. हे तिनं फक्त मामाला सांगितलं, आणि कुणाला सांगू नका अशी शपथ घातली.

सुभेदारांनी सरहद्दीवरची गुपितं पोटात ठेवली असतील. हे एक त्यांना दोन दिवस जपता आलं नाही. दाढी करून घेताना ते न्हाव्याला म्हणाले, "भाचीला बोलावणं आलंय. देशाकडनं." कुठल्या देशाकडनं, ते सांगायचं राहिलं.

आता आमच्याकडे 'देश' म्हटल्यावर कोण दुसरा विचार करणार? तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात वीस फुटी फ्लेक्स. 'पलूसची भाची कु. लीना हिची भारतीय फुटबॉल संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्ये लीनाचा कुठून तरी उतरवलेला फोटो, मागं क्रिकेटचं स्टेडियम, आणि खाली गॉगल घातलेले सव्वीस शुभेच्छुक. सुभेदार तसेच मंडळाच्या अध्यक्षाकडे, विक्रमकडे गेले. विक्रम म्हणाला, "आवं सुभेदार, चूक झाली आसंल तर दुरुस्त करून लावू की. फकस्त देशाचं नाव सांगा." तेच तर ठरलं नव्हतं. फ्लेक्स उतरला, पण तोवर त्याचा फोटो गावच्या ग्रुपवरून रहिमतपूरला आणि तिथून आयर्लंडला पोचला होता.

सुनंदाचा फोन आला. लीना म्हणाली, "गैरसमज झालाय गं आई. कायबी न्हाई." आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेली. सुनंदाला खोटं लगेच कळतं, नर्स आहे ती. तिचा आवाज बारीक झाला होता.

"वहिनी, तिच्या बाबाच्या देशाकडनं बोलावणं आलंय न्हवं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी माझा पासपोर्ट दिला, तवा कुठं हे घर झालं माझं. हितं आता आमी दोघीच. आमच्या घरानं येकदा एक पोरगं दुसऱ्याला दिलंय. मी तीन वर्साची हुते. रोज संध्याकाळी दारात बसून इचारायची, दादा कवा येणार. आता पोरगी न्हाई द्यायची मला."

हे मी सुभेदारांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांना लागेल असं वाटलं.

कारण ते दिलेलं पोरगं म्हणजे आमचे सुभेदारच. ते मूळचे रहिमतपूरचे. पलूसच्या चुलत आत्याला मूल नव्हतं, म्हणून सातव्या वर्षी दत्तक आले. नाव बदललं, आडनाव बदललं, कुळ बदललं. कागदावर सुनंदा त्यांची बहीण लागत नाही. मला हे सगळं लग्नाआधीच सांगितलं होतं. सोयरिकीत जमिनीचा तपशील सांगतात तसं. मीही तो तपशीलच समजून इतकी वर्षं संसार केला.

लगेचच्या रविवारी आम्ही लीनाला रहिमतपूरला घेऊन गेलो. धाकट्या दिरांनी रीतीप्रमाणं सगळं केलं. पुरणपोळी, कटाची आमटी. निघताना सुभेदारांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल, टोपी आणि नारळ हातात दिला. पाहुण्याचा मान. दरवेळी देतात. मी कधी त्याकडे लक्षसुद्धा दिलं नव्हतं. लीनानं गाडीत बसल्याबरोबर विचारलं, "मामा, हे तुमचंच घर न्हवं? मग तुमाला पावन्यासारखा टॉवेल कशाला?"

गाडी गावाबाहेर आली. दोन्ही बाजूंना तोडणी झालेले उसाचे फड. सुभेदारांनी गाडी कडेला घेतली.

"मला जत्रंला न्हेतो म्हून आनलं पलूसला," ते म्हणाले. समोरच बघत होते. "नवी चड्डी, नवा सदरा. मी खुशीत. हितं आलो तर मांडव, भटजी. झालं समदं. आनि सांजच्याला बा मला न घेताच गाडीत बसला. जत्रा कुठं हाय, म्हून मी धा जनांना इचारलं आसंल."

लीना मागच्या सीटवरून पुढं वाकली.

"पाच वर्सांनी पयल्यांदा तितं गेलो, तर निघताना हातात टॉवेल-टोपी. पोराच्या मापाची टोपी मुद्दाम आनल्याली. मागल्या परड्यात जाऊन रडलो. आई आली. ती म्हनली, ठिवून घ्यायचा हक न्हाई रं राह्यला मला. मग हातात काय दिल्याबिगर सोडू कशी?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तीस वर्षं ज्या माणसाच्या पानात वाढते आहे, त्याच्या पोटात एवढं होतं, आणि ते बाहेर यायला आयर्लंडहून एक पोरगी यावी लागली. मला त्यांचा राग आला, माझाही आला. मग मी त्यांच्या हातावर हात ठेवला. भर रस्त्यात मी असलं काही कधी केलं नव्हतं.

"मग मामा, तुमी कुठलं?" लीनानं विचारलं.

"पलूसचा की. जमीन हितली, कागद हितला, ज्यांनी वाडीवलं ते आईबाप हितलं. त्यांनी काय कमी केलं न्हाई मला, खोटं बोलू नये. पर रहिमतपूरला मुक्काम पडला की झोप लय चांगली लागती." मग गाडी सुरू करत म्हणाले, "तू कुठं बी जा. मी सांगनार न्हाई. फकस्त आईला जत्रा सांगू नको. तोंडानं खरं सांग."

घरी आल्यावर लीना फोन घेऊन गच्चीवर गेली. तिनं मराठीतच सांगितलं, मी जिन्यात उभी राहून ऐकत होते, चोरून, शिक्षिका असून. "आई, मी बाबाकडनं खेळायचं म्हणतेय. तुझ्यापास्नं न्हाई जात गं. बाबा तर गेलाच, त्याचं एवढंच उरलंय माज्यापाशी." मग ती खाली आली. म्हणाली, आईनं फोन ठेवला.

एप्रिलमध्ये ती गेली. शिबिरात तिला निवडलं नाही, गुडघा अजून कच्चा होता. पण तिकडच्याच एका लहानशा गावातल्या क्लबानं वर्षाचा करार दिला. ती खेळत राहिली. आम्हाला चेंडू थांबवतानाचे, घसरतानाचे व्हिडिओ पाठवायची. आईशी तिचं हळूहळू बोलणं सुरू झालं. सुभेदारांशी मात्र सुनंदानं अबोला धरला. 'तूच तिला शिकवलंस' एवढा एकच निरोप माझ्यामार्फत आला. दरवर्षी आयर्लंडचं तिकीट लावलेलं राखीचं पाकीट यायचं. त्या वर्षी आलं नाही. पौर्णिमेला सुभेदार दोनदा पोस्टात जाऊन आले. तेव्हा मी त्यांना सुनंदा फोनवर काय बोलली होती ते सांगितलं, दारात बसण्याचं. ते बराच वेळ मनगट चोळत बसले. "दारात बसायची?" ते म्हणाले. "मला कुनी सांगितलंच न्हाई."

इतकं सगळं होऊनही मी त्या हंगामाची ऋणी आहे. लीना गुडघा दुरुस्त करायला आली होती, आणि जाताना माझा नवरा मला समजावून देऊन गेली. आता रहिमतपूरहून निघताना त्यांना टॉवेल देतात तेव्हा मी तो त्यांच्या हातून घेते, घडी नीट करते, घरी आणून वापरायला काढते. पूर्वी कपाटात पडून असायचे. आता दोघंही त्यालाच तोंड पुसतो. पोर्तुगालच्या फुटबॉलमधलं मला आजही ओ की ठो कळत नाही, पण मधल्या फळीत कोण उभं आहे हे मी पहिल्यांदा बघते. आणि वर्गात एखादा पोरगा 'हाय' म्हणाला तर पूर्वीसारखी अंगावर धावून जात नाही. मनात म्हणते, असू दे, कुठं तरी कुणी तरी हे सांभाळून ठेवलंय.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षीचा बेदाण्याचा हंगाम. लीनाला पोर्तुगालच्या मोठ्या संघात घेतलं होतं. तिथं दुपार, इथं दिवेलागण. शेडवर टेबलाला मोबाईल टेकवून आम्ही सगळे बसलो, शेवंताबाई सर्वांत पुढं. सुरुवातीला ती राखीव बाकावर होती. खेळ संपायला वीसेक मिनिटं असताना एक मुलगी बाहेर आली आणि आमची पोर आत धावली. पहिला चेंडू तिच्याकडे येत होता, आणि येण्याआधी तिनं मान वळवून मागं पाहिलं. सुभेदारांनी 'हां' केलं, एवढंच. बायकांनी शेड डोक्यावर घेतली.

त्याच गोंधळात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि उभे राहिले. मी जवळ गेले. पलीकडे हजारो माणसांचा कल्ला होता, त्यातून सुनंदा ओरडून बोलत होती.

"दादा, आली रं ती मैदानात! मी हितंच हाय, स्टेडियमात. कुनाला सांगितलं न्हाई, तिकीट काढून आले. त्यांचं राष्ट्रगीत लागलं तवा मी बी उभी राह्यले. शब्द येत न्हाईत, पर उभी राह्यले. तिचा बाबा असता तर..."

सुभेदारांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. पडद्यावर लीना धावत होती.

"दादा?" सुनंदा म्हणाली. "दादा, हायस का रं?"

"हाय की, सुने," ते म्हणाले. "हितंच हाय मी."